वाढवून टाक

दार हातात आलं. डाव्या हातात पोह्यांचा डबा, उजव्या हातात ओट्याखालच्या कपाटाचं अख्खं दार, आणि मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी. बिजागरी निघून आली होती, तिच्या स्क्रूला प्लायचा ओलसर चुरा लागलेला. आवाजसुद्धा झाला नाही. चहात बुडवलेल्या खारीचा तुकडा सुटावा तसं ते दार अलगद सुटलं. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. निदान काळजी तरी. पण मला बरं वाटलं. शाळेत असताना आज गणिताच्या बाई आल्या नाहीत असं कळल्यावर पोटातून जी गार झुळूक जायची, तीच गेली. ब्राह्मी, माझी तीन वर्षांची मुलगी, जमिनीवर शेंगा फोडत बसली होती, म्हणजे फोडत कमी आणि टरफलं पेरत जास्त, तिनं वर बघून विचारलं, "आई, दार घेऊन कुठं चाललीस?" कुठंच चालले नव्हते, पण कुठंतरी निघाल्यासारखं वाटत होतं खरं.

आता काहीतरी करावंच लागणार, हे त्या झुळकीचं कारण असावं. इतकी वर्षं नुसतं चालवून घेणं चाललं होतं. सांगलीच्या या घरात मी लग्न होऊन आले तेव्हाच खालची कपाटं फुगलेली होती. माझ्या लग्नाच्या आदल्या साली महापुराचं पाणी ओट्याला लागलं होतं, ते ओसरल्यावर घर धुऊन, पुसून, रंगवून झालं, पण प्लायनं जे पाणी पिऊन घेतलं ते घेतलंच. दारं सुजल्या ओठांसारखी, एकमेकांना चिकटायची नाहीत. त्या फटींतून झुरळांचा संसार. आमच्या जैन घरात औषध मारायचं नाही, त्यामुळे माझ्या सासूबाई मऊ कुंच्यानं एकेकाला सुपलीत घेतात आणि अंगणापलीकडं सोडताना सांगतात, "जा बाबा, त्या वकिलाकडं जा. त्यांचं स्वयंपाकघर लय मोठं हाय." सासूबाईंना सगळी गल्ली आक्काताई म्हणते, मी आत्ती म्हणते. त्या समडोळीच्या, शेतातल्या उजेडात वाढलेल्या, आणि उंच. किती उंच ते सांगायला मला इंच लागत नाहीत. देवघराच्या दारातून आत जाताना त्या आधी चौकटीला वाकतात आणि मग देवाला. हा ओटा त्यांच्या कोपराच्या मापानं बांधलेला आहे. माझे सासरे, जवाहरमामा, होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी आत्तींना भिंतीला लावून उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला आणि सुतारानं पेन्सिलीची रेघ मारली. अशी रेघ कुणी आपल्यासाठी मारावी, आणि मग त्या रेघेवर दगड बसावा, आणि त्या दगडावर आयुष्यभर आपल्या हाताचं पीठ मळलं जावं. मला ते फार सुंदर वाटतं. फक्त तो दगड माझ्या बरगड्यांना लागतो.

आमच्या फलटणच्या घरात सगळी माणसं बुटकी. आई, मावशी, मी, आम्ही तिघी शेजारी उभ्या राहिलो की भांड्यांच्या दुकानात एकाच मापाचे डबे मांडल्यासारख्या दिसतो. तिथला ओटा कमरेशी होता. ओटा म्हणजे काय हे मला इथं येईपर्यंत कळलंच नव्हतं, जसं नीट चालणाऱ्या पायाला गुडघा म्हणजे काय ते कळत नाही. इथं पोळ्या लाटताना माझे खांदे कानांशी जातात. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून संध्याकाळी घाई. त्या घाईत मानेत एक तार ताणली जाते, ती ब्राह्मीला थोपटताना हळूहळू सैल होते. आणि वरची कपाटं तर दुसऱ्या गावाला असल्यासारखी. "आत्ती, हळद." आत्ती येतात, हात नुसता वर करतात, हळद येते. "आत्ती, गूळ." गूळ येतो. त्यांना त्यात काही वाटत नाही आणि मला त्यात रोज काहीतरी वाटतं, पण काय ते मी स्वतःशीसुद्धा कधी नीट बोलले नव्हते. बोलणार तरी काय? तुम्ही उंच आहात, असं?

तौसीफ आला. त्याच्या वडिलांनी, रसूलचाचांनी, ती पेन्सिलीची रेघ मारली होती. चाचा आता फारसे बाहेर पडत नाहीत आणि तौसीफ मोबाईलवर स्वयंपाकघरं फिरवून दाखवतो. त्यानं पडलेलं दार उचललं, वास घेतला, बाजूला ठेवलं. "वहिनी, दोन रस्ते हायत. खोकी तशीच ठेवायची, वरनं सनमाईक, शटरं नवी. बघणाऱ्याला वाटंल नवंकोरं. न्हाईतर समदं काढायचं. मग ओट्याचा दगडबी उचलता येतोय, खालचे पाय कापून ओटा पायजे तेवढा." पायजे तेवढा. हे दोन शब्द त्यानं सहज टाकले आणि टेप गुंडाळला. मग खर्चाचं बोलला: पहिल्यात भागतं, दुसऱ्यात भागत नाही. आर्जव, माझा नवरा, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो, त्यामुळे त्याला कुठल्याही गोष्टीत गारवा ठेवता येतो. तो म्हणाला, "तुझी भिशी लागलीय, तिच्यात बसेल ते कर. पर्युषणाच्या आत होऊ दे म्हणजे झालं. शेवटी तुझंच स्वयंपाकघर." तुझंच. दिवसभर मी तो 'च' तोंडात घोळवत फिरले, आवळा खाल्ल्यावर पाणी प्यावं तसा तो मागाहून गोड लागत राहिला.

आणि दुपारी, ब्राह्मी झोपल्यावर, मी ओट्याचा दगड उचलायची. म्हणजे मनात. खालची फुगलेली खोकी नाहीत, दगड खाली आलाय, माझ्या कमरेशी. मी पीठ मळतेय आणि खांदे खाली आहेत, आपापल्या जागी, खुंटीवरचे कपडे काढून घडी करून ठेवल्यासारखे. वरची कपाटंही खाली आलीत, मी हात लांबवते आणि हळद माझ्या हातात. कुणाला हाक मारायची नाही. इथपर्यंत चित्र छान चालायचं. मग हाक मारायची नाही म्हटल्यावर स्वयंपाकघर एकदम शांत व्हायचं, आणि त्या शांततेत दाराशी आत्ती उभ्या दिसायच्या, हात लोंबते सोडून, काही काढून द्यायचं नसलेल्या. एवढ्या उंच बाईला खाली वाकून माझ्या ओट्यावर भाकरी थापायला लागणार. गेलं वर्षभर त्यांची कंबर धरते. त्या वाकल्या असत्या, एक शब्द न बोलता. मला ते नको होतं. त्यात भर म्हणजे त्यांनीच मला सांगितलेली गोष्ट, हसत हसत, तूर पाखडताना. त्यांच्या सासूनं आयुष्यभर बसून स्वयंपाक केला होता, चुलीपुढं. आत्तींसाठी उभ्याचा ओटा झाला तेव्हा म्हातारी म्हणाली, उभ्यानं रांधायला हे काय लग्नाच्या आचाऱ्याचं काम हाय? आणि पुढं कितीतरी दिवस ती ओट्याकडं पाठ करून जेवली. "भिताडाकडं तोंड करून आमटी भुरकायची," आत्ती म्हणाल्या, "आन् मला हसू. आन् रडूबी." त्या हसल्या होत्या. मी त्यांच्या हातातल्या सुपाकडं बघत बसले होते. एका बाईची उंची ठरली की दुसरीला पाठ फिरवावी लागते, असं काही स्वयंपाकघराच्या पायातच असतं का?

तेव्हा मी ठरवून टाकलं. दारंच बदलायची. खोकी राहू देत, सनमाईक चिकटव, फिकट पिवळा घेऊ, उजेड पडतो. आत्तींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघू." पण मी ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर जो हलकेपणा येतो तो आलाही होता, स्वतःचं काहीतरी दुसऱ्याला देऊन टाकलं की येतो तसा, थोडा मिरवावासा वाटणारा. मी त्या दिवशी साखरभात केला. केशरसुद्धा घातलं.

तो हलकेपणा दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. मी ब्राह्मीला कुशीत घेऊन पडले होते, डोळा लागत होता, आणि सोप्यातून आत्तींचा आवाज आला. फोनवर त्या नेहमी मोठ्यानं बोलतात, पलीकडचा माणूस नदीच्या त्या काठाला असल्यासारखं. "हां, तौसीफ, आक्का बोलतीया. चंदना काय म्हणती ते राहू दे. ती खालची वाढवून टाक. व्हय, समदी. तिला आत्ताच सांगू नको. शनवारी ये तू." चंदना म्हणजे मी. ब्राह्मीच्या केसांत माझी बोटं तशीच राहिली. खालची वाढवून टाक. म्हणजे अजून उंच. ओटा अजून वर. दोन इंच? चार? बरगड्यांच्या वर काय असतं? मी छातीला हात लावून बघितला, जसं काही दगड तिथपर्यंत आलाच होता.

मला राग यायला हवा होता आणि तो येईना, याचाच आधी राग आला. पडल्या पडल्या मी त्यांची बाजू मांडू लागले. त्यांची कंबर धरते. वाकणं टळलं तर त्यांना बरंच. घर त्यांचं, रेघ त्यांची. पण मग मला सांगू नको असं का? माझं नाव घेऊन? मी साखरभात केला होता. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी माझ्या ताटात एक भाकरी जास्त टाकली, "दुपारी झोपली न्हाईस, डोळं बघ," म्हणाल्या, आणि मला ती भाकरी घशाखाली जाईना, मग गेली, कारण सोबत शेंगदाण्याची चटणी होती आणि आत्तींच्या चटणीपुढं कुणाचं दुःख टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मी भाजीला म्हणून बाहेर पडले आणि मारुती चौकातून लाकडी पाट घेऊन आले. चांगला रुंद, पायांना रबर लावलेला. उभं राहायला. दुकानदारानं विचारलं, "पूजेला का?" मी म्हटलं, "व्यायामाला." पाट ओट्यापाशी ठेवला आणि त्यावर चढून बघितलं. खिडकीतून शेजारच्या वकिलांच्या मोरीचं छप्पर दिसलं, त्यावर वाळत घातलेले सांडगे दिसले, एक कावळा त्यांची पाहणी करत होता. इतकी वर्षं इथं उभी राहत होते आणि हे दिसलं नव्हतं. आत्तींना रोज दिसत असणार. मला एकदम हसू आलं. हे काय वाईट आहे? ओटा उंच होऊ दे, मी पाटावर उंच होईन, ब्राह्मी माझ्याही वर जाईल, सगळं घरच वर वर सरकत जाईल आणि पुढच्या महापुरात आम्ही पाणी खालून जाताना बघू. पण पाटावरून उतरताना पाय घसरला, हात आपोआप ओट्याच्या कडेला गेला, आणि तेवढ्यात कळलं की मला हे नको आहे. मला पाट नको आहे. मला जमिनीवर उभं राहायचं आहे. इतकं साधं मागणं, आणि ते मी कुणाकडं कधी मागितलंच नव्हतं.

शनिवारी तौसीफ आला. आत्ती हातात जपमाळ घेऊन सोप्यातून उठल्या, मी ब्राह्मीला काखेत मारून स्वयंपाकघरात उभी. त्यानं टेप काढला, ओट्याच्या कडेला लावला, डोकं खाजवलं.

"काकी, आधीच लय उंच हाय. आनि किती इंच वाढवायचा? वहिनींना शिडी लागंल."

"कोन वाढवतंय?" आत्ती म्हणाल्या.

"तुमीच म्हणला की फोनवर. खालची समदी वाढवून टाक."

आत्ती त्याच्याकडं बघत राहिल्या, ब्राह्मी आकडे म्हणायच्या ऐवजी गाणं म्हणते तेव्हा बघतात तशा. "आरं बाबा, वाढवून टाक म्हंजे काढून टाक. अन्नाच्या जागेला काय मोडून टाक, फोडून टाक म्हणू? कुकू पुसलं म्हणतोस का वाढवलं म्हणतोस?"

तौसीफनं टेप सोडला, तो सर्रकन आत गेला. "अब्बांनी फोन घेतला असता तर बराबर कळलं असतं. आमच्यातबी जेवन झाल्यावर दस्तरखान उचलताना बढाव म्हणत्यात. आन् मी आपला रातभर इंच मोजतोय, काकींचं डोकं फिरलं का काय म्हणून."

"तुझं फिरलंय," आत्ती म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर माझ्या पायांकडं गेली. पाटाकडं. "आन् ह्यो पाट कशाला आणलास गं? कोनाचं केळवण हाय?"

मी सांगितलं. काय सांगणार होते दुसरं? तुमचा फोन ऐकला, मला वाटलं ओटा अजून वर नेणार, म्हणून. त्यांनी जपमाळ मनगटावर अडकवली आणि माझ्याकडं बघितलं. "तूबी? त्यो एक पोरगा, त्याचं राहू दे. तू तर बाईमानूस. का फलटणला काय वाढतच न्हाई?"

तौसीफ हसायला लागला, ब्राह्मी त्याला बघून हसायला लागली, आणि मी जमिनीकडं बघत उभी. कारण फलटणला वाढतं. चांगलं वाढतं. आईची बांगडी फुटली की ती म्हणायची, वाढली गं. तांदळाचा डबा खरवडून रिकामा झाला की म्हणायची, तांदूळ वाढले. लहानपणी मी डब्यात डोकावून बघायचे, तळ दिसायचा, पत्र्यावर माझंच तोंड हलायचं, आणि मला वाटायचं की मोठ्या माणसांना रिकाम्यात काहीतरी दिसतं जे मला दिसत नाही. एकदा मी बांगडीचे हिरवे तुकडे कोरफडीच्या कुंडीत लावले होते आणि रोज पाणी घातलं होतं. वाढली ना, मग उगवणार. आईनं ते बघितलं तेव्हा ती रागावली नाही, काच लागेल म्हणून कुंडी उंचावर ठेवली आणि संध्याकाळी मला बाजारात नेऊन हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. मी कित्येक दिवस त्या कुंडीतच उगवल्या असं मानत होते. आमच्या भाषेत संपतं ते वाढतं, मोडतं ते वाढतं, पानात पडतं तेही वाढतं आणि काखेतली ही पोर आहे तीही. इतकं सगळं एकाच शब्दात कोंबून ठेवलेलं आणि मी त्यातला नेमका माझ्या बरगड्यांना लागणारा अर्थ उचलला होता. ज्याला जे दुखतं तेच ऐकू येतं की काय कोण जाणे. पण आता ते दुखणं सोप्यातून उठून निघून गेल्यासारखं झालं होतं, आणि त्याच्या जागी पोटात, खोल, काहीतरी उकळी फुटायच्या आधी भांड्याच्या तळाशी सुळसुळतं तसं सुळसुळत होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "मी तर दारंच बदलू म्हटलं होतं."

"तू म्हटलीस. तुझ्या टाचा न्हाई म्हणत." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी आहे. "पोळ्या लाटताना टाचा उचलतीस. पोटुशी होतीस तवाबी उचलायचीस. मी मागनं बघती की. तुला आदी सांगितलं असतं तर तू न्हाईच म्हणाली असतीस. किती दीस बघायचं मानसानं?"

माझ्या टाचा उचलल्या जातात हे मलाच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या टाचा कुणाला दिसतात? त्या मागं उभ्या राहणाऱ्यालाच दिसतात. त्या इतकी वर्षं माझ्या मागं उभ्या होत्या, हळद काढून द्यायला, आणि मी समजत होते की त्या माझ्या पुढं आहेत.

"तुमच्या कमरेचं काय?" मी म्हटलं. "तुम्हाला वाकावं लागेल."

"मी आता बसून करनार. बास झालं उभ्यानं. ह्योच पाट घेनार खाली, तूर निवडीन, शेंगा फोडीन. सासू म्हणायची तेच खरं, आचाऱ्याचं काम." त्या तौसीफकडं वळल्या. "आन् वरचीबी वाढव. म्हंजे काढ. न्हाईतर वर नेऊन ठेवशील छताला."

"काकी, दोन्ही काढली तर पैशात बसत न्हाई," तौसीफ म्हणाला. "खालची काढून दगड खाली घेतला तर वरच्यांची नुसती शटरं बदलायची. वरची खोकी टकाटक हायत, पान्यानं शिवलीबी न्हाईत. पण जाग्यावरच राहतील. खाली नाय येनार."

"मग पैशाचं बघू," आत्ती म्हणाल्या. "आर्जवला सांगती. तिचा हात पोचला पायजे."

मी वर बघितलं. वरच्या कपाटांची दारं पिवळट पडलेली, कडेला हाताच्या घासण्यानं काळपट झालेली, एका जागी, आत्तींच्या पंजाच्या उंचीवर. खाली दगड येईल, माझ्या कमरेशी, आणि वर ही अशीच, नव्या दारांची, दूर. एकाच भिंतीवर दोन बायकांची मापं. विचित्र दिसेल, येणारे-जाणारे विचारतील, मोबाईलमधल्या कुठल्याच स्वयंपाकघरासारखं ते होणार नाही. आणि मला एकाएकी कळलं की हळदीला हाक मारताना मला रोज जे वाटायचं ते कमीपणाचं नव्हतंच. निदान सगळं नव्हतं. त्यात बराचसा भाग निव्वळ हाक मारण्याचा होता. कुणीतरी येणार हे माहीत असताना मारायच्या हाकेचा.

"वरची राहू दे," मी तौसीफला सांगितलं. "फक्त दारं बदल."

"तुला पोचत न्हाई," आत्ती म्हणाल्या.

"तुम्हाला पोचतं."

"म्हंजे मी काय जल्मभर तुझी हळद काढून देत बसू?"

"व्हय," मी म्हटलं.

फलटणला आम्ही व्हय म्हणत नाही, म्हणजे शिकलेली माणसं म्हणत नाहीत, आणि या घरात आल्यापासून मी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. तो आपणहून आला, जड आणि गोल, तोंडात मावेल न मावेल असा. आत्तींनी भुवया वर केल्या. त्या हसल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून घेतले, हसू सांडेल म्हणून. मग तौसीफला म्हणाल्या, "आयकलंस का? व्हय म्हणती. माप घे मग, बघत काय उभा ऱ्हायलास?"

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. आत्तींनी ब्राह्मीला माझ्या काखेतून घेतलं, मला दोन्ही खांद्यांना धरून भिंतीला लावलं, पाठीवरची वेणी पुढं ओढून घेतली, कोपर दुमडून दिलं, आणि एक पाऊल मागं सरून बघितलं, डोकं एका बाजूला कलवून. तौसीफ वाकला. पेन्सिल माझ्या कोपराला टेकली, गुदगुली झाली.

"थांब रं," आत्ती त्याला म्हणाल्या. मग मला, हळूच, "टाचा टेकव."